घराचा दरवाजा आणि पॅसेज : प्रकाश कुठे, किती आणि कशावर

नव्या सदनिकेचे काम सुरू झाले की दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि झोपण्याच्या खोल्या यांतील दिव्यांवर घरात चार-चार दिवस चर्चा होते. दरवाजा आणि पॅसेज यांची पाळी येईपर्यंत मात्र सगळे थकलेले असतात, आणि वायरमनने "इथे किती पॉइंट काढू?" असे विचारले की "छताला मधोमध तीन-चार टाका" एवढे सांगून विषय मिटवला जातो. मग पुढची कितीतरी वर्षे दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याचा चेहरा अंधारात राहतो, हातात किल्ली असूनही कुलपाचे भोक सापडत नाही, आणि आत पाऊल टाकताच डोक्यावरचा पांढरा झोत डोळ्यांवर येतो. दिवे कमी पडले म्हणून असे होत नाही. बहुतेक घरांत दिवे गरजेपेक्षा जास्तच असतात, फक्त ते जिथे काही घडत नाही तिथे, म्हणजे फरशीच्या मध्यावर, प्रकाश पाडत असतात.

म्हणून दिव्यांचा कॅटलॉग उघडण्यापूर्वी दिवेलागणीच्या वेळी त्या जागेत उभे राहावे आणि तिथे रोज काय काय घडते ते कागदावर लिहून काढावे. बाहेर कुलूप उघडले जाते, आलेल्या माणसाला आतून ओळखावे लागते, रांगोळी काढली जाते, उंबरठा ओलांडला जातो. आत आल्यावर चपला काढल्या जातात, किल्ली टांगली जाते, निघताना आरशात एकदा पाहिले जाते, आणि मध्यरात्री कोणीतरी अर्धवट झोपेत पॅसेजमधून न्हाणीघराकडे जाते. यांतल्या प्रत्येक कामाला प्रकाश वेगळ्या उंचीवर हवा असतो, आणि तो शक्यतो उभ्या पृष्ठभागावर, म्हणजे चेहऱ्यावर, दारावर आणि भिंतीवर, पडायला हवा.

दाराबाहेर

चौकटीच्या वर मधोमध दिवा लावण्याची सवय सर्वत्र आहे, पण आपल्याकडे तिथेच तोरणही असते. आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे भरगच्च तोरण बांधले की वरचा दिवा त्याच्याआड जातो आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावर पानांच्या सावल्या पडतात. त्यापेक्षा दिवा चौकटीच्या बाजूच्या भिंतीवर, बाहेरच्या फरशीपासून साडेपाच ते सहा फूट उंचीवर, कडी-कुलपाच्या बाजूला घ्यावा. बिजागरीच्या बाजूला घेतला तर कुलूप उघडताना आपल्याच हाताची सावली किल्लीवर येते. नामफलकही त्याच बाजूला, दिव्याच्या खाली लावला तर एकाच दिव्यात कुलूप, फलक आणि पाहुण्याचा चेहरा अशी तिन्ही कामे होतात. पाच ते सात वॅटचा एलईडी येथे पुरतो. तो दुधी काचेच्या आत असावा, कारण डोळ्यांच्या उंचीवर उघडा बल्ब असला की दाराकडे पाहणेच नकोसे होते.

दाराला डोळा किंवा कॅमेऱ्याची घंटा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इमारतीचा सार्वजनिक दिवा पुष्कळदा समोरच्या भिंतीवर, म्हणजे येणाऱ्याच्या पाठीमागे असतो, आणि त्यामुळे आतून पाहणाऱ्याला माणूस न दिसता नुसती काळी आकृती दिसते. दाराच्या बाजूचा आपला दिवा चेहऱ्यावर समोरून प्रकाश टाकतो, आणि घरात एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना त्याचे मोल फार असते.

रांगोळीसाठीही बाजूचा दिवाच उपयोगी पडतो. सरळ वरून पडणारा प्रकाश रांगोळीच्या रेघेचा उठाव मारून टाकतो, तर बाजूने आलेला प्रकाश रेघेला बारीक सावली देतो आणि ठिपक्यांची रांगोळी फरशीवरून वर आल्यासारखी दिसते. रंगांचा प्रश्न मात्र दिव्याच्या जातीशी जोडलेला आहे. पांढरा एलईडी हा मुळात निळा प्रकाश देणारा असतो आणि त्यावरच्या पिवळसर लेपामुळे त्याचा पांढरा प्रकाश होतो. या मिश्रणात गडद तांबड्या रंगाचा वाटा कमी पडतो. त्यामुळे स्वस्त दिव्याखाली कुंकू विटकरी दिसते, झेंडू फिकट वाटतो आणि माणसांची कांती आजारी दिसते. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, पाहावा. साध्या दिव्यांचा तो 80 च्या आसपास असतो, पण दारासाठी, आरशासाठी आणि चित्रांसाठी 90 किंवा त्याहून अधिक असलेला दिवा घ्यावा. दुकानात आपला तळहात दिव्याखाली धरून पाहिला तरी फरक लगेच कळतो.

दिवाळीचा विचार वायरिंगच्या वेळीच व्हायला हवा. दाराबाहेर वरच्या कोपऱ्यात सहा अँपिअरचा एक सॉकेट, त्याचे बटण घराच्या आत, आणि छतात आकाशकंदिलासाठी एक पक्का हूक एवढे करून ठेवले की दरवर्षी दाराच्या फटीतून वायर ओढण्याची वेळ येत नाही. दाराखाली चेपलेल्या वायरवरचे आवरण फाटणे हा सणासुदीतला खरा धोका आहे. चौकटीच्या दोन्ही टोकांना तोरणासाठी पितळी हूक आधीच बसवून घेतले तर नंतर सागवानी चौकटीत खिळे ठोकावे लागत नाहीत.

सदनिकेबाहेरचा पॅसेज हा सगळ्या इमारतीचा असतो आणि आगीच्या वेळी तोच बाहेर पडण्याचा मार्ग असतो. तिथे चपलांचे कपाट, मोठ्या कुंड्या किंवा बाक ठेवणे कितीही शोभिवंत दिसले तरी ते करू नये. धुराने भरलेल्या अंधारात धावणाऱ्या माणसाला ते कपाट दिसणार नसते. बाहेरची सजावट भिंतीवरच, म्हणजे फलक, दिवा, तोरण आणि फार तर एखादी टांगलेली चौकट, एवढ्यावर थांबवावी.

स्वतंत्र घर असेल तर पाऊस आणि किडे यांचा विचार वाढतो. दिवा धूळ आणि पाणी किती रोखतो ते आयपी या आकड्यावरून कळते. छपराच्या आत संरक्षित जागी आयपी 44 दर्जाचा दिवा चालतो, पण जिथे पावसाची झड थेट लागते तिथे आयपी 65 घ्यावा. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात खाऱ्या हवेने रंगवलेले लोखंडी दिवे लवकर गंजतात, म्हणून पितळ किंवा चांगल्या प्रतीचे प्लॅस्टिक बरे. पावसाळ्याच्या तोंडावर पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती जमते आणि दार उघडताच घरात शिरते. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे किडे अधिक ओढले जातात आणि पिवळसर प्रकाशाकडे तुलनेने कमी, त्यामुळे दाराजवळ पिवळसर मंद दिवा ठेवावा आणि प्रखर दिवा हवाच असेल तर तो अंगणाच्या पलीकडच्या कडेला, फाटकाजवळ घ्यावा.

उंबरठ्याच्या आतले पाच फूट

घराच्या या एवढ्याशा तुकड्यावर सर्वांत जास्त ताण पडतो, आणि त्याची मांडणी चुकली तर कोणताही दिवा ती सावरू शकत नाही. जुन्या वाड्यांत दिंडी दरवाजातून आत आल्यावर देवडी लागत असे आणि तिच्यात बसायला ओटा असे. बाहेरून आलेला माणूस तिथे टेकत असे आणि मगच पुढे जात असे. आजच्या सदनिकेत देवडी नसली तरी टेकण्याची सोय करता येते. सोळा ते अठरा इंच उंचीची, भिंतीला घट्ट बसवलेली छोटी बैठक असली की गुडघे दुखणाऱ्या माणसाला एका पायावर तोल सांभाळत चप्पल काढावी लागत नाही. घरात ज्येष्ठ माणसे असतील तर शोभेच्या टेबलापेक्षा ही बैठक आधी करावी, असे माझे ठाम मत आहे.

चपलांच्या कपाटाला साधारण बारा ते चौदा इंच खोली लागते. जागा अरुंद असेल तर चपला उभ्या राहतील अशा तिरक्या झडपांचे कपाट सात-आठ इंचांतही बसते. कपाट निवडताना एवढेच पाहावे की ते बसल्यावर चालायला किमान तीन फूट मोकळी जागा उरते आणि मुख्य दार पूर्ण उघडते. कपाटाच्या पल्ल्यांना जाळी किंवा फटी असाव्यात, नाहीतर पावसाळ्यात ओल्या चपलांचा कुबट वास घरभर पसरतो. कपाट जमिनीला टेकवू नये. खाली सहा-सात इंच जागा सोडावी, तिथे रोजच्या चपला सरकवाव्यात आणि कपाटाच्या खालच्या बाजूला एक बारीक एलईडी पट्टी लावावी. या पट्टीचा प्रकाश थेट डोळ्यांत येत नाही, चपलांचे जोड सापडतात, फरशीवर सांडलेले पाणी दिसते आणि रात्री हीच पट्टी वाट दाखवते. कमी खर्चात इतका उपयोग देणारा दुसरा दिवा माझ्या माहितीत नाही.

दाराजवळचा आरसा सुंदर दिसतो, पण त्याच्या बरोबर वर छतात दिवा असला की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर मंद दिवे घ्यावेत, आणि जागा नसेल तर समोरच्या फिकट भिंतीवर प्रकाश टाकावा, म्हणजे तो परतून चेहऱ्यावर येतो. आरशाचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर ठेवला तर घरातील बहुतेकांना सोयीचा होतो.

आतल्या दिव्यांच्या प्रखरतेबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. भर दुपारच्या उन्हात प्रकाश लाखभर लक्सपर्यंत (लक्स म्हणजे पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो त्याचे माप) जातो, आणि त्या उन्हातून खिडकी नसलेल्या प्रवेशात पाऊल टाकले की डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. उंबरठ्याला ठेच लागते ती याच क्षणी. रात्री अंधाऱ्या जिन्यावरून आलेल्या डोळ्यांना मात्र तोच प्रखर दिवा टोचतो. म्हणजे या जागेला दिवसा अधिक आणि रात्री कमी प्रकाश हवा असतो, आणि आपण नेमके उलट करतो. येथे दोन वेगळी बटणे घ्यावीत : एकावर छतातला भरपूर प्रकाशाचा दिवा, दुसऱ्यावर भिंतीचा किंवा कपाटाखालचा मंद दिवा. उंबरठ्याचा दगड फरशीपेक्षा स्पष्टपणे वेगळ्या रंगाचा घेतला तर कमी प्रकाशातही तो दिसतो; काळ्या ग्रॅनाइटच्या उंबरठ्यासमोर काळे पायपुसणे टाकणे म्हणूनच चुकीचे आहे.

पॅसेज

आता हिशोब पाहू. समजा, दोन खोल्यांकडे जाणारा पॅसेज बारा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद आहे, म्हणजे 42 चौरस फूट, साधारण 3.9 चौरस मीटर. चालण्याच्या जागेला 100 लक्स प्रकाश चांगला पुरतो, आणि 100 लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर 100 ल्युमेन (ल्युमेन हे एकूण प्रकाशाचे माप). तेव्हा फरशीवर 390 ल्युमेन पोहोचायला हवेत. दिव्यातून निघालेला निम्मा प्रकाश भिंतींत आणि दिव्याच्या आवरणात जिरतो असे धरले तरी 800 ल्युमेनच्या आत काम होते. नऊ वॅटचा एक साधा एलईडी बल्ब साधारण 900 ल्युमेन देतो. म्हणजे सबंध पॅसेजला नऊ-दहा वॅट पुरतात, आणि तेही पाच-पाच वॅटच्या दोन दिव्यांत विभागता येतात. अशाच पॅसेजमध्ये बारा वॅटचे सहा डाउनलाइट बसवलेले मी पाहिले आहेत. तिथे चालताना रुग्णालयाच्या व्हरांड्यात आल्यासारखे वाटते आणि घरातली माणसे ते दिवे लावायचेच टाळतात.

हा हिशोब फिकट भिंतींचा आहे. पांढऱ्याजवळचा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी बराचसा परत देतो, तर गडद निळा किंवा गडद तपकिरी रंग जवळजवळ सगळा गिळून टाकतो. गडद भिंत हवीच असेल तर ती पॅसेजच्या टोकाची एकच करावी. रंग फार चकचकीत नसावा, कारण अरुंद जागेत प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब भिंतीवर तरंगत राहते, आणि अगदी खडबडीत मॅटही नसावा, कारण पॅसेजच्या भिंतीला मुलांचे हात सतत लागतात. पुसता येणारा, मंद तुकतुकी असलेला रंग येथे योग्य. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी असेल तर छतातले दिवे खोल बसणारे घ्यावेत, म्हणजे त्यांचा चमकणारा भाग फरशीत दिसत नाही.

दिवे छताच्या मध्यरेषेवर न घेता एका भिंतीकडे सरकवावेत. भिंतीपासून आठ ते बारा इंचांवरचा दिवा भिंतीला वरपासून खालपर्यंत उजळतो, आणि भिंत उजळली की डोळ्याला जागा रुंद वाटते. मधोमधचा दिवा फक्त फरशी उजळतो आणि भिंती अंधारात राहिल्याने तोच पॅसेज बोळासारखा वाटतो. मात्र दिवा भिंतीच्या जितका जवळ, तितके पुट्टीचे उंचसखलपण उघडे पडते. म्हणून प्रोफाइल लाइट (लांब पट्टीसारखा दिवा) अगदी भिंतीला चिकटवून लावायचा बेत असेल तर रंगाऱ्याला पुट्टीच्या आधीच तसे सांगावे आणि तिरपा प्रकाश टाकूनच घासकाम तपासून घ्यावे.

पॅसेजच्या टोकाला डोळ्याला थांबायला काहीतरी हवे. लांब पॅसेज एरवी गडद असून टोकाची भिंत तेवढी प्रकाशित असली तर तो आखूड वाटतो आणि पाय आपोआप पुढे जातात. जुन्या घरांत हे काम कोनाडा करीत असे. छातीइतक्या उंचीवरच्या त्या खळग्यात समई किंवा पणती ठेवली की ज्योत वाऱ्यापासून वाचे, कोनाड्याची चुन्याची पाठ प्रकाश परतवे आणि चालणाऱ्याच्या डोळ्यांत काही टोचत नसे. विटांची भिंत पुरेशी जाड असेल तर आजही चार-पाच इंच खोल कोनाडा काढता येतो आणि त्याच्या वरच्या कडेच्या आत एलईडी पट्टी लपवता येते. खांब, तुळई किंवा इमारतीचा भार पेलणारी काँक्रीटची भिंत मात्र कधीही कोरू नये.

कोनाड्यात किंवा भिंतीवर काय ठेवायचे, हे प्रकाशाच्या दिशेवरून ठरवावे. पुण्याच्या तांबट आळीतील माठारकाम केलेली तांब्याची परात किंवा घंगाळ घेतले तर त्यावरचा प्रत्येक ठोका बाजूने येणाऱ्या तिरप्या प्रकाशात चमकतो. समोरून झोत टाकला की तेच भांडे सपाट पिवळा ठिपका होऊन बसते. वारली चित्राचे याहून वेगळे. झोपडीच्या आतल्या कमी उजेडाच्या भिंतीवर, गेरूच्या तांबड्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढलेली ही चित्रे मुळातच मंद प्रकाशात वाचता येतील अशी आहेत. पुढे पालघर भागातील जिव्या सोमा म्हसे यांनी, ज्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ती कागदावर आणि कापडावर आणली, तरी गडद भूमीवरची पांढरी रेघ हा त्यांचा कणा तसाच राहिला. त्यामुळे वारली चित्राला प्रखर स्पॉटची गरज नसते, पिवळसर सौम्य प्रकाशात गेरू अधिक ऊबदार दिसतो, आणि काच न लावता चित्र टांगता आले तर उत्तमच. सिंधुदुर्गातील पिंगुळी गावची चित्रकथी (गोष्ट सांगण्यासाठी काढलेली चित्रे) किंवा कोणतेही कागदावरचे जुने चित्र असेल तर ते काचेमागे, उन्हाच्या तिरिपेपासून दूर आणि कमी प्रकाशात ठेवावे, कारण रंग उडाला की तो परत येत नाही.

काचेच्या चौकटीतील कौटुंबिक छायाचित्रांसाठी कोनाचा हिशोब सोपा आहे. छत नऊ फुटांवर आणि चित्राचा मध्य पाच फुटांवर असेल, तर दिवा भिंतीपासून सुमारे सव्वादोन फूट अंतरावर घेतल्यास प्रकाश उभ्या रेषेशी तीस अंशांनी येतो आणि काचेतले प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या डोळ्यांत न येता खाली जाते. चौकटी दोन्ही भिंतींवर लावू नयेत. साडेतीन फुटांच्या पॅसेजमध्ये एक भिंत पूर्ण मोकळी राहिली तरच दुसरीकडे पाहण्याइतके अंतर मिळते, आणि खांदेही चौकटींना लागत नाहीत.

प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. दार, प्रवेश आणि पॅसेज या तिन्हींना 3000 योग्य ठरतो, आणि त्यातही महत्त्वाचे म्हणजे तिन्ही ठिकाणी एकच आकडा असावा. दारात पिवळा, आत पांढरा आणि पॅसेजमध्ये पुन्हा पिवळा असे झाले की उत्तम सजावटही ठिगळे लावल्यासारखी दिसते. बदली दिवा आणताना जुना दिवा सोबत नेण्याची सवय ठेवावी.

पॅसेजच्या दोन्ही टोकांना टू-वे स्विच असलाच पाहिजे, म्हणजे दाराजवळ लावलेला दिवा झोपण्याच्या खोलीजवळ बंद करता येतो. पॅसेजचा एक दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा. वीज गेल्यावर माणसे आधी याच जागेत चाचपडतात. रात्रीसाठी भिंतीत फूटभर उंचीवर एक-दोन वॅटचा पिवळसर पायदिवा आणि त्याला हालचाल टिपणारा सेन्सर जोडावा. हा सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतो आणि त्याच्याकडे सरळ चालत येणाऱ्यापेक्षा त्याच्या समोरून आडवे जाणाऱ्याला लवकर टिपतो, म्हणून तो पॅसेजच्या टोकाला न बसवता खोलीच्या दाराशेजारच्या भिंतीवर बसवावा.

एलईडी पट्टी घेताना तिच्या ड्रायव्हरची, म्हणजे तिला योग्य वीज पुरवणाऱ्या डब्याची, जागा विचारून घ्यावी. दिव्यापेक्षा ड्रायव्हर आधी निकामी होतो, आणि तो बंद पीओपीच्या आत असेल तर एका छोट्या डब्यासाठी छत फोडावे लागते. तो कपाटात किंवा उघडता येणाऱ्या झडपेमागे ठेवावा. दिवा लुकलुकतो का, हे साध्या डोळ्यांना कळत नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण केले की कळते, आणि असा दिवा दुकानातच परत करावा.

एवढे कागदावर ठरले की भिंत फोडण्याच्या आधीच वायरमनकडून लांब वायरचा एक होल्डर मागून घ्यावा, संध्याकाळी त्यात बल्ब लावून तो ठरवलेल्या प्रत्येक जागी कोणाला तरी धरायला सांगावे आणि आपण बाहेर जाऊन, कुलपाशी वाकून, आरशासमोर उभे राहून, पॅसेजच्या दोन्ही टोकांवरून पाहावे. अर्ध्या तासाच्या या प्रयोगात दोन-तीन पॉइंट तरी हलतात आणि एखादा गळतोही. जागा पक्की झाली की पेन्सिलने खूण करावी, पाइप आणि वायरी बसल्यावर प्लास्टर होण्यापूर्वी भिंतीला मोजपट्टी लावून छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे चौकटीसाठी खिळा कुठे ठोकायचा आणि कुठे नाही, हे त्याच छायाचित्रांवरून कळते.